चहापान, सोळा रुपये

२०११ साली सोसायटीच्या सभेत मी एक वाक्य जास्तीचं बोललो, "मेंटेनन्सची बिलं कॉम्प्युटरवर काढता येतील." काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, तिच्या २.७ आवृत्तीत, पाऊणशे ओळी खरडल्या आणि ऑफिसातल्या डबड्यावर टाकून दिल्या. खजिनदारकाका दर एक तारखेला बटण दाबायचे, अठ्ठेचाळीस बिलं बाहेर पडायची.

गेल्या पावसाळ्यात त्या डबड्यानं मान टाकली. नवा लॅपटॉप आला, त्यावर पायथन ३. काकांचा फोन. "अरे, हा म्हणतोय कंस नाहीत. कुठले कंस?"

पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. जुना कोड यात चालेलच असं नाही, हे करणाऱ्यांनी तेव्हाच बजावलं होतं. म्हणजे मी लिहायला बसलो तेव्हाच मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, बघू पुढे. तसं जगानंही तेच म्हटलं. जुन्याला निरोप २०१५ मध्ये द्यायचा ठरला होता, तो २०२० पर्यंत लांबला. (आमच्या पुनर्विकासाच्या तारखाही अशाच सरकतात.) १ जानेवारी २०२० ला एकदाचा आधार संपला, तरी २.७.१८ ही शेवटची आवृत्ती एप्रिलमध्ये आलीच. निघतो निघतो म्हणत दारात चपला घालताना अर्धा तास बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.

कंसांचं काम सोपं निघालं. जुन्यात 'प्रिंट'ला कंस लागत नव्हते, आता लागतात. घातले.

मग अडला सतरा नंबरचा फ्लॅट. कायम बंद, थकबाकीचा रकाना रिकामा. यादी लावताना जुनं पायथन 'काहीच नाही' हे सगळ्यांत लहान समजून गुपचूप वर बसवायचं. त्यामुळे 'सर्वांत कमी थकबाकी'च्या यादीत सतरा नंबर वर्षानुवर्षं पहिला. एका सभेत त्यांच्या गैरहजेरीत टाळ्याही वाजल्या होत्या. नवं पायथन अडूनच बसलं: रिकाम्याची आणि आकड्याची तुलना मी करणार नाही.

नावांचं मात्र सुख झालं. पूर्वी देवनागरी दिसली की प्रोग्राम ॲस्कीच्या (म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या जुन्या संकेतपद्धतीच्या) नावानं शिमगा करायचा, म्हणून मी नावं इंग्रजीतच ठेवली होती. आता थेट मराठीत. फक्त 'जोशी' किती लांब, यावर एकमत नाही. जुन्याच्या मते बारा (ते साठवणीचे बाइट मोजायचं), नव्याच्या मते चार (ते अक्षर वेगळं आणि काना-वेलांटी वेगळी मोजतं), आणि जोशींना विचाराल तर दोन. रकाने अजून वाकडेच येतात.

शेवटी पाणी. टँकरचे दहा हजार, घरं अठ्ठेचाळीस. आजवर प्रत्येकी २०८ रुपये यायचे. आता २०८ च्या पुढे टिंब आणि तिनांची रांग, पार बिलाच्या कडेपर्यंत. पायथन २ पूर्णांकाला पूर्णांकानं भागताना उरलंसुरलं टाकून द्यायचं. तीन भागिले दोन म्हणजे एक. हे मला पाठ होतं. स्वतःच्या प्रोग्राममध्ये आठवलं नाही, एवढंच. २०८ गुणिले ४८ म्हणजे ९,९८४. सोळा रुपये गायब!

"काका, इतकी वर्षं दर महिन्याला पैसे कमी पडत होते?"

"पडायचे ना. कधी सोळा, कधी चाळीस. सत्तेचाळीसच्या वर कधी गेले नाहीत, म्हणून मी बोललो नाही."

"मग मेळ कसा घालायचात?"

"चहापान," काका म्हणाले. "ऑडिटरनं एकदाही विचारलं नाही."

मी प्रामाणिकपणे प्रकरण कमिटीपुढे ठेवलं. तेहतीस पैसे सुटे कोण देणार, यावर वीस मिनिटं गेली. सरळ २०९ करा, असं कुणीतरी सुचवलं, तर वर उरणारे बत्तीस रुपये कुणाचे, यावर तासभर गेला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं.

पायथन ३ मध्ये जुना भागाकार हवा असेल, तर एकाऐवजी दोन तिरक्या रेघा द्यायच्या. रात्री घरी येऊन दिल्या. या महिन्याचं चहापान सोळा रुपये.