हॉटेलचं दार फुटपाथवर उघडू दे

कोल्हापुरात नवं हॉटेल म्हटलं की पहिला प्रश्न पार्किंगचा. अंबाबाईला येणाऱ्यांच्या गाड्या लावायच्या कुठे, हा वाद मला इथे मेलबर्नमध्ये बसूनही प्रत्येक फोनवर ऐकू येतो. स्टँडवर एसटीतून उतरून, पोर कडेवर आणि बॅग खांद्यावर घेऊन चालत निघालेलं कुटुंब मात्र त्या वादात कुठेच नसतं.

त्यांच्या वाटेत काय येतं? नव्या हॉटेलची इमारत मागे सरकवलेली, पुढे गाड्यांचं आवार, आत जायला एक उतार, बाहेर पडायला दुसरा. दोन्ही उतार फुटपाथ कापून जातात. गाडी आली की वॉचमन शिट्टी मारतो आणि थांबावं लागतं ते चालणाऱ्याला! रस्त्याच्या बाजूला ना दुकान, ना खिडकी. रात्री एकट्या बाईला तो पट्टा नकोसा वाटतो.

मेलबर्नच्या मध्यवस्तीची आखणी १८३७ ची. तीस मीटरचे मोठे रस्ते, त्यांच्यामधे दहा मीटरचे छोटे, शिवाय बोळ. त्यामुळे कितीतरी ठिकाणी माल आणि कचरा मागून जातो, पाहुण्यांचं दार पुढे, थेट फुटपाथवर.

"आमच्याकडे मागची गल्ली कुठनं आणू?" भाऊ विचारतो. रास्त प्रश्न आहे. आपले प्लॉट अरुंद, बहुतेकांना एकच रस्ता. पण त्यासाठी मेलबर्नची नक्कल कशाला? अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडला जुने लॉज बघा. खाली दुकान, शेजारून वर जाणारा जिना, पाऊल टाकलं की रस्ता. पाहुणा उतरला की चहा तिथेच पितो, चप्पल तिथेच घेतो. तो भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो तो यामुळेच.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. महापालिकेनं बांधकाम परवानगीच्या वेळीच नकाशावर हे तपासावं. गाड्यांसाठी फाटक एकच, कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर बाजूच्या रस्त्याला. फाटकासमोर फुटपाथ सलग त्याच उंचीवर राहावा, चढउतार गाडीनं करावा. म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत गाडी लागतेच. त्यासाठी रस्त्याकडेला सामान उतरवण्यापुरती, एका गाडीची जागा राखून ठेवावी आणि तिथे दुसरं कुणी गाडी लावणार नाही हे हॉटेलवाल्यानं बघावं.