ड्रायव्हरच्या आधी केबल बघा

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० वरच अडकला तर आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. हा क्रम मला पटत नाही. आधी केबल कोणत्या पोर्टला लावली आहे ते बघा. १४४०पी (२५६०×१४४०) रिझोल्यूशनला एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीच्या पोर्टमधून १४४ हर्ट्झ जातच नाही, त्यामुळे ड्रायव्हर कितीही वेळा टाका, फरक पडणार नाही. डिस्प्लेपोर्ट १.२ या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टमधून मात्र आरामात जातं. आणि केबल ग्राफिक्स कार्डालाच हवी, मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डावरच्या) पोर्टला नाही.

केबल ठीक असेल तर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेटचा (हर्ट्झचा) आकडा स्वतः निवडा. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया कंपनीचं असेल तर तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनची यादी खाली सरकवून ‘पीसी’ गटातलं घ्या. वरच्या टीव्हीवाल्या गटात बहुतेकदा १४४ नसतं, आणि बरेच जण तिथेच थांबतात.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली: फुलस्क्रीनमध्ये काही गेम स्वतःचाच रिफ्रेश रेट लावतात. म्हणून गेम चालू असतानाच मॉनिटरच्या बटणाने मेन्यू उघडून आकडा तपासा. ६० ला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९. माउस फिरवताना हा फरक लगेच जाणवतो.