आधी आम्हाला विचारा!

परवा पुन्हा तेच! मोजायची टेप घेऊन पालिकेचे दोघं आमच्या बेळगावच्या गल्लीत आले, खुणा केल्या, चालले. विचारलं तर म्हणे, ‘प्लॅन मंजूर झालाय.’ कुणाला विचारून? पाणी कुठं तुंबतं ते गल्लीतल्या मावशीला विचारा, ती बोट ठेवून दाखवेल! बेळगावातल्या काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी आलं; आम्ही अजून आठ-आठ दिवस घागरी मांडून बसतो. बळ्ळारी नाला पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या शिवारात घुसतो, भात कुजतं, शेतकऱ्याला बैठकीला कोण बोलावतं? ३ लाखांवरच्या शहरात वॉर्डांचा कारभार बघणाऱ्या वॉर्ड समित्या हव्यात, हे ७४व्या घटनादुरुस्तीत १९९२ सालीच लिहिलंय. मग बसवा ना आम्हाला तिथं! आणि कागद मराठीतही द्या, माझ्या आईला वाचता येईल असा.