अलॉयची तडकलेली रिम वेल्डिंग करून का दिली नाही

नमस्कार भाऊ,

तुम्ही दुकानाच्या रिव्ह्यूत लिहिलं की दिवाळीत स्विफ्टला १६ इंची अलॉय बसवले, पहिल्याच पावसाळ्यात एक तडकला, अन् दुकानदार वेल्डिंग करून द्यायचं सोडून ‘स्टील टाका’ म्हणतो. आधी महागाचं विकायचं, मग स्वस्ताचं गळ्यात मारायचं, असं तुमचं म्हणणं. अन् स्टार दिला एक.

पहिले वेल्डिंगचं, कारण राग त्याचाच आहे. अलॉय म्हणजे ॲल्युमिनिअम-सिलिकॉनचं ओतकाम. ओतल्यावर रिम भट्टीत तापवतात, पाण्यात थंड करतात अन् कमी आचेवर पुन्हा शेकतात. मजबुती त्या शेकण्यातून येते. तडकल्या जागी वेल्डिंगची आच लागली की तिथला कस उतरतो. वरून घासून रंग मारला तर सांधा दिसणारही नाही, हवाही धरेल. करून देणारे आहेत, मी नाव घेत नाही. पण घरचे सगळे बसवून तुम्ही नागपूर रोडला शंभरनं गाडी काढता, तेव्हा खाली माझ्या हातची वेल्ड केलेली रिम नको. स्टीलची कड वाकली तर ती ठोकून बरीचशी सरळ होते. तुमच्या स्टेपनीची मीच ठोकून दिली होती, आठवत असेल.

आता माझी चूक. तुमच्या गाडीला मूळ टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, रबराची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची), म्हणजे रिम अन् रस्त्याच्या मधात १३२ मिमी रबर. आपण टाकला १९५/५५ आर १६, त्यात उरलं १०७. चाकाची उंची तेवढीच, पण इंचभर गादी गेली. अन् तुमचा रोजचा रस्ता कोणता, तर वणीकडून कोळशाचे ट्रक जातात तो, पुढं शेताचा फाटा. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत हलते. पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल, हे चाक आत गेल्यावरच समजते. तुम्ही मोबाईलवर फोटो दाखवला, मी साईज बसते एवढं पाहिलं अन् हो म्हटलं. रस्ता विचारायला पाह्यजे होता. तुमच्या बाकी तीन चाकांत हवाही कमी, २४ पीएसआयच निघाली, पण ते नंतरचं.

अलॉय वाईट नाही. स्विफ्टला कंपनीकडून येतात ते १५ इंची, १८५/६५ टायरवर, १२० मिमी रबर. चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेकची गरमी ॲल्युमिनिअम लवकर ओढून घेते, हेही खरं. हलकं म्हणून ॲव्हरेज वाढेल, असं मात्र मी कोणाला सांगत नाही. धातू हलका असला तरी रिम जाड ओतावी लागते, अन् साईज वाढवली की उरलासुरला फायदाही जाते. गळ्यात मारायचंच असतं तर चौथा अलॉय मारला असता. स्टीलमध्ये सुटते किती, कोण्याही टायरवाल्याला विचारा.

तुमच्या जुन्या चारही स्टील रिमा माळ्यावर तशाच आहेत. एक्सचेंजमध्ये जेवढ्याला धरल्या, तेवढ्यालाच परत घ्या. टायर तुमच्या पसंतीचे, फिटिंग अन् बॅलन्सिंगचे पैसे नाही. उरलेले तीन अलॉय विकून देतो, पण तडकलेला दुकानातच राहील, मोडीत जाईल. फक्त पोळा अन् तान्हा पोळा, हे दोन दिवस सोडून या. दुकान बंद राहते.