ऐझॉलने लीग जिंकली ती डोंगराच्या हवेवर नाही

परवा रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. पोरगा तेरा वर्षांचा आहे, कोल्हापुरात रोज पहाटे बूट पिशवीत टाकून प्रॅक्टिसला जातो. मेसेजच्या खाली त्याने एवढंच लिहिलं होतं : "मामा, मग आपण कशाला पळायचं?"

तोच मेसेज गेल्या आठवड्यात मला आणखी दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. आता सोडवत नाही. मिझोरामच्या ऐझॉल एफसी या फुटबॉल क्लबने २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, असं त्यात म्हटलंय आणि पाच कारणं दिलीत. संघ मागच्या दाराने आला. चांगले खेळाडू इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) होते. सामने परदेशी खेळाडूंनी जिंकले. प्रशिक्षक मुंबईतून हाकललेला, त्याचं नशीब फळफळलं. आणि ज्याने आमच्या पोराचं मन मोडलं ते पाचवं : "मिझो पोरांची फुप्फुसं डोंगराच्या हवेमुळे जन्मतःच मोठी असतात, आपल्याकडच्या पोरांनी कितीही मेहनत केली तरी ते जमणार नाही."

आधी हे पाचवंच घेतो.

ऐझॉल समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंच आहे. आपलं महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. नुसत्या उंचीने फुटबॉलपटू घडत असते तर राष्ट्रीय लीगचे निम्मे खेळाडू सातारा जिल्ह्यातून यायला हवे होते. आणि मिझोरामचे डोंगर काही २०१६ साली उगवलेले नाहीत. राष्ट्रीय लीग, जी पुढे आय-लीग झाली, १९९६ साली सुरू झाली. तेव्हापासून वीस वर्षं विजेतेपद पंजाब, बंगाल, गोवा, मुंबई आणि बंगळूर यांच्यातच फिरत राहिलं. ईशान्येतला एकही क्लब ती लीग जिंकला नव्हता. हवा तीच होती, पोरंही तशीच होती. मग बदललं काय?

बदल घडवला तो माणसांनी. २०१२ साली मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने घराघरांत दाखवले. त्याआधी तिथल्या पोराला मोठं व्हायचं तर राज्य सोडावं लागायचं. जेजे लालपेखलुआ पुणे एफसीकडे आला, शायलो मालसोमत्लुआंगा जमशेदपूरच्या अकादमीत गेला. लीग आल्यावर आठवड्यामागून आठवडे अटीतटीचे सामने गावातच मिळू लागले. दोनच वर्षांत, २०१४ ला, मिझोरामने राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली. २०११ च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या अकरा लाखही भरली नव्हती. एवढ्या लोकांनी एक लीग नेटाने चालवली, पोरं वर्षानुवर्षं खेळली, तेव्हा हे झालं. त्या कष्टांना "जन्मतःच" म्हणून मोकळं होणं हा त्या पोरांचा अपमान आहे. आणि पेठेतल्या पोराला घरी बसवायचीही ही नामी युक्ती आहे.

याच संघात कोण होतं, तेही पाहा. गोलमध्ये अल्बिनो गोम्स, गोव्याचा. मधल्या फळीत जयेश राणे, मुंबईचा. बचावात आशुतोष मेहता, मुंबई एफसीतून आलेला. समुद्रकाठची ही पोरं त्याच संघातून त्याच मोसमात खेळली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने संघाची यादीसुद्धा उघडून पाहिलेली नाही.

आता मागचं दार. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. २०१५-१६ मध्ये ऐझॉल नऊ संघांत आठवं आलं आणि खालच्या विभागात गेलं. पुढे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं. पण त्याच २०१५-१६ च्या मोसमात नववा, म्हणजे शेवटचा, कोण होता? पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. त्यांना थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे नियमाने संरक्षण होतं. म्हणून शेवटचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा बाहेर गेला. मागच्या दाराची चर्चा करायचीच असेल तर ही गोष्टही सांगा. शिवाय परत घेतलं म्हणून कुणी गुण बहाल केले नाहीत. सगळ्यांसारखीच ऐझॉलची सुरुवातही शून्यापासून झाली.

आयएसएलचा मुद्दा सरळ खोटा आहे. २०१६ ची आयएसएल डिसेंबरमध्ये संपली आणि आय-लीग जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. तेच खेळाडू दोन्हीकडे खेळत. या लीगमध्ये बंगळूरकडून सुनील छेत्री खेळला. तेच बंगळूर काही महिन्यांपूर्वी आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या अंतिम सामन्यात पोहोचलं होतं. मोहन बागानकडे जेजे, प्रीतम कोटाल, अनस एडाथोडिका होते. दोन्ही लीग एकाच वेळी चालायला लागल्या त्या पुढच्या मोसमापासून.

बाकी कशावर विश्वास नसेल तर गुणतक्ता तरी बघा. अठरा सामने. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६, ईस्ट बंगाल ३३, बंगळूर ३०. अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव. अठरा सामने कुणी नशिबावर काढत नाही.

परदेशी खेळाडू प्रत्येकच क्लबकडे होते. बागानकडे हैतीचा सोनी नॉर्डे आणि जपानचा कात्सुमी होता. सीरियाच्या महमूद अल अमनाशिवाय ऐझॉलची मधली फळी तशी चालली नसती, हे खरं. पण निर्णायक गोल कुणाचे, ते पाहा. २२ एप्रिल, ऐझॉलचं राजीव गांधी स्टेडियम, समोर बागान. ८३ मिनिटं झाली तरी गोल नाही. तेव्हा झोहमिंगलियाना राल्टे, हा बचावपटू, पुढे येऊन हेडर मारतो आणि सामना १-० होतो. ३० एप्रिल, शिलाँग, समोर तिथलाच लाजोंग क्लब. विजेतेपदाला एक गुण हवाय आणि लाजोंगच्या दिपांडाने नवव्याच मिनिटाला गोल ठोकलाय. तिकडे त्याच वेळी बागान चेन्नई सिटीशी खेळतंय आणि पुढे जिंकतं. ऐझॉल तासभर पिछाडीवर. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला बरोबरी साधतो आणि संघ ती शेवटपर्यंत राखतो. राल्टे आणि लालनुनफेला, दोघेही मिझोच.

राहिले ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील. त्यांनी मुंबई एफसी सात वर्षं तुटपुंज्या पैशांत पहिल्या श्रेणीत टिकवली. ते गेले आणि त्याच २०१६-१७ च्या मोसमात मुंबई एफसी तक्त्यात तळाला जाऊन बाहेर पडली. त्यांचा संघ सावध खेळतो, नजरेला नेहमीच गोड दिसत नाही, हे मलाही पटतं. पण २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. एवढं सगळं नशीब म्हणून खपवता येत नाही.

भाच्याला मी हे सगळं पाठवलं नाही, फोनच केला. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि मिझोरामचा लालेंगमाविआही होता, हे त्याला सांगितलं. त्याने लालेंगमाविआचं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि तो कुठल्या जागेवर खेळतो ते विचारलं. मधल्या फळीत, म्हटलं. भाचाही तिथेच खेळतो. मग म्हणाला, "मामा, ठेवतो. साडेपाचला उठायचंय."