डनब्लेनच्या शाळेबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका
दोन दिवस ग्रुपवर फिरतंय, की स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला आणि ब्रिटनने दुसऱ्याच दिवशी सगळ्या बंदुका बंद केल्या, शाळा पण पाडली. काल मीही ते फॉरवर्ड केलं, म्हणून हा खुलासा.

घटना खरी आहे. १३ मार्च १९९६ ला पाच-सहा वर्षांची १६ लेकरं आणि त्यांच्या बाई गेल्या. पण कायदा एका दिवसात आलेला नाही, आधी न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी घटनेची चौकशी केली, लोकांनी सात लाखांवर सह्या गोळा केल्या, मोहिमेचं नाव स्नोड्रॉप, कारण त्या मार्चमध्ये तिथे तेच फूल फुललेलं, आणि मग १९९७ मध्ये दोन कायदे होऊन लोकांकडच्या जवळपास सगळ्या हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) बंद झाल्या. शॉटगन, रायफल लायसन्सवर आजही ठेवता येतात. कायदा सरकारी साइटवर आहे, काल रात्री बसून वाचला.

आणि शाळा चालू आहे हो! पाडली ती फक्त जिम, तिथे आता बाग आहे. टेनिसवाला अँडी मरे त्याच शाळेतला, त्या दिवशी तो शाळेतच होता. २०१२ ला त्याला ऑलिंपिक गोल्ड मिळालं तेव्हा गावातली लाल पोस्टाची पेटी सोनेरी रंगवली.

जुना मेसेज प्लीज डिलीट करा, ज्यांना पाठवलाय त्यांनाही सांगा.