गायरीतले गेंडे

आमच्या घरात पहिला गेंडा शिरला तो थेट सोलकढीच्या वाटीत. जूनचा पहिला पाऊस नुकता पडून गेला होता. पडवीत ट्यूबलाइटखाली आम्ही दोघं जेवत होतो. बाहेरच्या काळोखातून घुंऽऽ असा आवाज जवळ येत गेला, जणू कुणी चालू मिक्सर हातात धरून अंगणातून पळत येतंय. मग ट्यूबवर टण्, भिंतीवर टक् आणि वाटीत डुबुक. माझ्या सदऱ्यावर गुलाबी नक्षी उमटली.

"अहो," बायको म्हणाली, "त्याला शिंग आहे."

चमच्यानं त्याला बाहेर काढला तर तो पाठीवर पडला आणि तसाच लादीवर भोवऱ्यासारखा गरगरायला लागला. चांगला दीड-दोन इंचांचा, पॉलिश केलेल्या बुटासारखा काळा कुळकुळीत. पोटाकडून तांबूस तपकिरी, केसाळ. डोक्यावर मागे झुकलेलं शिंग. पाय सहा, आणि प्रत्येक पायावर करवतीचे दात. तो चावत नाही, डंख मारत नाही, हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी धीर करून त्याला उचलला आणि त्यानं माझ्या बनियनला मिठी मारली. सोडवायला ओढला तर तो चिर्रर्र असा ओरडला. किंकाळी मात्र माझी होती. बायकोची नंतरची.

शेजारच्या घरातून काका बॅटरी घेऊन आले. त्यांनी आधी भुंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भुंगो आसा तो. चावना नाय कोणाक." एवढं बोलून त्यांनी पायातली चप्पल काढली.

मी मध्ये पडलो. निसर्गसाखळी, जैवविविधता, सहजीवन असं बरंच काही बोललो. काकांनी चप्पल परत पायात घातली आणि काही न बोलता निघून गेले. आमच्याकडे माणूस काही न बोलता गेला की समजावं, त्याला खूप बोलायचं होतं.

सकाळी फोटो काढू म्हणून मी त्या भुंग्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि झोपलो. रात्री दोनच्या सुमाराला बायकोनं हलवून उठवलं. "वाटी चालतेय." खरंच चालत होती. चुलीच्या बाजूची वाटी खर्र खर्र करत पडवी ओलांडून देवघराकडे निघाली होती. पुढे वाचलं की 1996 साली अमेरिकेतल्या एका संशोधकानं याच भावकीतल्या शिंगाड्या भुंग्यांच्या पाठीवर वजनं लादून त्यांना ट्रेडमिलवर चालवलं होतं. स्वतःच्या वजनाच्या तीसपट ओझं घेऊनही ते चालत होते. मला पुण्यात ट्रेडमिलवर नुसतं स्वतःचं वजन घेऊन दहा मिनिटांवर जमलं नव्हतं.

आता थोडं मागे जायला हवं. दोन दिवाळ्यांपूर्वी मी पुण्यातली नोकरी मुदतीआधी सोडून सिंधुदुर्गातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. वाडवडिलांनी लावलेले चौदा माड होते, त्यात मी हौसेनं बाणवली जातीच्या नारळाची बारा रोपं लावली. येण्याआधी सेंद्रिय शेतीचं तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून पडवीत टांगलं होतं, बरोबर त्या ट्यूबलाइटखाली.

आल्या आल्या मी परसात गायरी केली. गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. आमच्याकडे ती प्रत्येक घरी असते, पण माझी शास्त्रशुद्ध होती. शेणाचा थर, पाल्याचा थर, नारळाच्या सोडणांचा थर, वर पाण्याचा शिडकावा. शिवाय वादळात पडलेल्या एका जुन्या माडाचं खोड होतं, ते जाळायला न देता मी तुकडे करून अंगणात मांडलं. पुण्याहून येणारे मित्र त्याच्यावर बसून फोटो काढायचे. 'ग्रामीण बैठक' असं मी त्याचं नावही ठेवलं होतं.

मार्चमध्ये गायरी उकरली आणि माझा आनंद गगनात मावेना. आत गुबगुबीत पांढऱ्या अळ्या! माझ्या अंगठ्याएवढ्या जाड, अंग काजूगरासारखं वळलेलं, डोकं तपकिरी, शेपटाकडचा भाग आतल्या शेणामुळे निळसर काळा. माती जिवंत असल्याची खूण ती हीच, असं मी ठरवून टाकलं. प्रशिक्षणात गांडुळांविषयी एक तास होता, अळ्यांविषयी काहीच नव्हतं. म्हणजे त्या चांगल्याच असणार. खड्ड्याची एक बाजू वाळत होती, तिथल्या सत्तावीस अळ्या मी एकेक करून तळहातावर घेऊन ताज्या शेणात हलवल्या. वरून गोणपाट घातलं. जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, 'आमचे नवे सहकारी'. त्रेसष्ट अंगठे आले.

जूनमध्ये ते सहकारी उडायला लागले, हे माझ्या लक्षात आलं नाही. सोलकढीतला तो पहिला. त्यानंतर रोज रात्री एक-दोन यायचे, ट्यूबवर आपटायचे, प्रमाणपत्रावर आपटायचे. मी त्यांना वर्तमानपत्राच्या पुरचुंडीत घालून अंगणापलीकडे, हळुवारपणे, माडांच्या बाजूला सोडून यायचो.

ऑगस्टमध्ये माडांच्या झावळ्या विचित्र दिसायला लागल्या. नवीन झावळ उघडायची ती दोन्हीकडून तिरकी कातरलेली, कुणी मोठ्या कात्रीनं पंखा कापल्यासारखी. मला वाटलं, वानर. वानरांचा त्रास आमच्याकडे आहेच, त्यामुळे आळ घ्यायला ते कायम तयार असतात. मी फटाके आणले, गलोल आणली, दोन दिवस गच्चीवर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. काकांनी खालून विचारलं, "वानर कात्री घेवन झाडार चढतत काय रे?"

मग त्यांनी मला एका तरण्या रोपापाशी नेलं. मधल्या सुईच्या, म्हणजे अजून न उघडलेल्या कोवळ्या पानाच्या बुडाशी बेचक्यात एक भोक होतं. भोकातून चघळलेला भुसा बाहेर आला होता, उसाच्या चोयट्यांसारखा. काकांनी सायकलच्या तारेचा वाकवलेला आकडा आत घातला, चाचपला, पिळला आणि दात काढणाऱ्या डॉक्टरच्या सराईतपणे ओढला. टोकाला आमचा सोलकढीतला पाहुणा, पाय झाडत, चिर्रर्र करत.

हा प्राणी पान खात नाही. उघडं पान त्याला नकोच असतं. रात्री शेंड्यात उतरायचं, घडी मिटलेल्या कोवळ्या सुईतून आरपार बोगदा पाडायचा, चघळायचं, रस प्यायचा आणि निघून जायचं. लहानपणी आपण घोटीव कागदाच्या घड्या घालून कात्रीनं दोन टवके उडवायचो आणि उघडल्यावर पताका व्हायची, तसंच. याची पताका उघडायला काही आठवडे लागतात. गुन्हा जूनचा, पंचनामा ऑगस्टचा. मधल्या काळात आरोपीला मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून घटनास्थळी पोचवत होतो.

"पण हे येतात कुठून?" मी विचारलं.

काका चालत चालत माझ्या गायरीपाशी गेले. फावड्यानं वरचा थर बाजूला केला. खाली सहकारी. काकांनी एक अळी फावड्यावर घेऊन माझ्या नाकासमोर धरली.

"ह्यी भुंग्याची पोरां आसत मेल्या! आणि तू तेंका पोसतंस?"

मग ते ग्रामीण बैठकीकडे वळले. खोडाला फावड्याचा दांडा मारला तर ते बिस्किटासारखं फुटलं. आतही तेच. त्या खोडावर बसून पुण्याच्या किमान अकरा जणांनी फोटो काढले होते.

गेंड्या भुंग्याचं घराणं असं चालतं. पोरं उकिरड्यावर, आईबाप शेंड्यावर. मादी कुजलेल्या शेणात, पाल्यात, मेलेल्या माडात अंडी घालते, पन्नास-शंभर, कधी त्याहूनही जास्त. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर येते. ती चार-सहा महिने नुसतं कुजकं खात बसते, जिवंत माडाला तोंडही लावत नाही. पुढे मातीचीच खोली करून त्यात कोष, तीनेक आठवडे. भुंगा झाला तरी लगेच बाहेर पडत नाही, दोनेक आठवडे आत पडून राहतो. आणि मग एका पावसाळी रात्री त्याला ट्यूबलाइट दिसते. बाहेर तो आणखी काही महिने जगतो. शिंग नराला आणि मादीला दोघांनाही असतं, नराचं लांब, मादीच्या पार्श्वभागी तांबूस केसांचा झुपका. मी हे बॅटरीच्या उजेडात तपासून पाहत असताना बायकोनं विचारलं, "कळून करणार काय आहात?"

कृषी खात्यातला एक तरुण मुलगा पाहणीला आला. त्यानं प्रमाणपत्र वाचलं, गायरी पाहिली आणि सौजन्यानं खोकला. मग कामं सांगितली. गायरी उपसून अळ्या वेचायच्या. कुजकं खोड जाळून टाकायचं. खतात हिरव्या बुरशीची पावडर मिसळायची, मेटारायझियम तिचं नाव. ती अळीच्या अंगावर उगवते आणि अळी शेवाळलेल्या खडूसारखी होते. रोपांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू, दीड महिन्यानं पुन्हा. त्यामुळे माझं आगर आता आजीच्या पैठणीच्या ट्रंकेसारखं घमघमतं. मोठ्या माडांवर चढायला पाडेली लागतो. तो नारळ पाडायला चढतो तेव्हा खुशीत असतो. डांबरगोळ्या ठेवायला चढ म्हटल्यावर त्यानं वरून एकदा वास घेतला आणि विचारलं, "माडाक कपाट केलास काय?"

त्या मुलानं सहज जाता जाता आणखी एक सांगितलं. गेंड्या जखम करतो, माड बहुधा तगतो. पण त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. तो गुपचूप आत शिरतो, त्याची पोरं खोड आतून पोखरतात आणि वरून सगळं हिरवं दिसत असताना एक दिवस शेंडा कलंडतो. माझ्या रात्रीच्या झोपेचा तिथं निकाल लागला.

झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत पडायचो. 1909 च्या सुमारास सिलोनहून रबराची रोपं सामोआ बेटांवर गेली, त्यांच्या मुळांच्या मातीतून आमचा गेंड्या भुंगाही गेला. तिथं त्यानं नारळाच्या बागांची दैना केली. जर्मन अमलात गावकऱ्यांना भुंगे आणि अळ्या वेचून द्यायची सक्तीच होती. 1963 मध्ये मलेशियात त्याच्या अळ्यांना मारणारा विषाणू सापडला, 1967 मध्ये तो सामोआत सोडला तेव्हा कुठे आवर बसला. 2007 मध्ये भुंगा ग्वाम बेटावर निघाला, 2013 मध्ये हवाईत. अख्ख्या पॅसिफिकमध्ये खत आणि रोपं हौसेनं इकडून तिकडे करणारे माझ्यासारखे लोक होऊन गेले, हे वाचून पहाटे तीनला जरा बरं वाटलं. जपानमध्ये तर याचे चुलतभाऊ दुकानात विकत मिळतात, मुलं हौसेनं डबीत पाळतात. मी बायकोला उठवून निर्यातीची कल्पना सांगितली. तिनं कूस बदलली.

ग्वामच्या लोकांनी मात्र एक कामाची युक्ती काढली होती. त्यांनी खताच्या ढिगांवर मासे धरायची जाळी पसरली. अंडी घालायला येणारी मादी आणि बाहेर निघणारा तरणा भुंगा, दोघंही त्यात अडकतात, कारण करवतीच्या पायांना नायलॉन सुटत नाही. माझं बनियन आठवलं आणि युक्ती एकदम पटली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेलो. ओळखीच्या मच्छीमाराकडे जुनं जाळं मागितलं. कशाला, ते सांगितलं. त्यानं विडी बाजूला ठेवली.

"काय हो, जमिनीर खयचो मासो धरतल्यात?"

"भुंगा."

त्यानं आजूबाजूच्या चार जणांना हाक मारून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. जाळ्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, इतकी करमणूक झाली त्यात आले.

जाळं पसरलं त्या रात्री पहिला अडकलो मी, अंधारात बघायला गेलो आणि पाऊल गुंतलं. दुसऱ्या दिवशी काकांची कोंबडी. काकांनी ती सोडवताना जे शब्द वापरले ते कोंबडीला उद्देशून नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीन भुंगे, चौथ्या दिवशी पाच, रविवारी सात. आता मी रोज उजाडता गायरीपाशी उकिडवा बसतो आणि कात्रीनं धागे तोडत एकेक सोडवून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकतो. निसर्गसाखळीविषयी काकांनी अजून विचारलेलं नाही. परवा ते पडवीत आले, प्रमाणपत्र खिळ्यावरून काढलं, मागच्या बाजूला जाळ्याच्या तारखा आणि आकडे लिहायला चौकटी आखून दिल्या आणि परत टांगलं, पाठ पुढे करून.

बाजारात मासळी घ्यायला गेलो की तो मच्छीमार लांबूनच हात वर करतो.

"आज कितके गावले?"

"नऊ."

तो समोरच्या टोपलीतल्या बांगड्यांकडे बघतो, मग बाजूच्या बाईला सांगतो, "बघलंस? आमच्यापेक्षा ह्येंका बरी मासळी गावता."